बॅटमोबिलचा ठोकळा: एक खेळणे, दोन विस्मृत माणसे, तीन न्यायालये

१/१८
चार-सहा वर्षांच्या मुलांसाठी लेगोच्या बॅटमोबिलचे छोटे संच मिळतात. खोक्यात शे-दीडशे तुकडे, चार चाके, काळा मुखवटा घातलेला एक चिमुकला पुतळा आणि त्याचा एखादा शत्रू. मूल थोड्याच वेळात गाडी जुळवते आणि खेळात रमते. मित्रहो, आजच्या धाग्यात हे खोके आपण ऐतिहासिक साधन म्हणून उघडणार आहोत.

२/१८
साधन हाती आले की इतिहासाचा अभ्यासक प्रथम विचारतो: हे कोणी घडवले आणि ते कोणाच्या मालकीचे? या खोक्यापुरते दोन्ही प्रश्न अवघड आहेत. ठोकळ्याचा उगम एका देशात, गाडीचा दुसऱ्या. दोहोंच्या मुळाशी एकेक असा माणूस आहे, ज्याचे नाव दीर्घकाळ खोक्यावर आले नाही. प्रथम ठोकळ्याकडे वळू.

३/१८
डेन्मार्कमधील बिलुंड हे तेव्हा एक आडवळणाचे खेडे होते. ओले कर्क क्रिस्टियनसन या सुताराने १९१६ साली तेथील एक सुतारकामाचा कारखाना विकत घेतला. जागतिक मंदीत घरबांधणीची कामे आटली, तेव्हा १९३२ पासून तो लाकडी खेळणी करू लागला. ‘चांगले खेळ’ या अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांची आरंभीची अक्षरे जोडून १९३४ मध्ये ‘लेगो’ हे नाव सिद्ध झाले. १९२४ आणि १९४२ अशा दोन आगींतून हा व्यवसाय पुन्हा उभा राहिला.

४/१८
दुसऱ्या महायुद्धानंतर ओले कर्क यांनी प्लास्टिक साच्यात ओतणारे यंत्र घेतले. त्याच सुमारास त्यांच्या हाती ब्रिटनमधील ‘किडिक्राफ्ट’ कंपनीच्या ठोकळ्यांचे नमुने आले. वर गोल उंचवटे असलेले, एकावर एक बसणारे हे पोकळ ठोकळे हिलरी फिशर पेज यांनी रचले होते आणि ब्रिटनमध्ये त्यांचे पेटंटही घेतले होते. १९४९ मध्ये बिलुंडहून जे ठोकळे बाजारात आले, ते या नमुन्यांवर थोडे फेरफार करून बेतलेले होते.

५/१८
पेज यांचे निधन १९५७ मध्ये झाले. लेगोचे ठोकळे त्यानंतर ब्रिटनच्या बाजारात पोहोचले. पुढे १९८१ मध्ये लेगोने किडिक्राफ्टच्या ठोकळ्यांचे हक्क विकत घेतले. कायद्याच्या दृष्टीने हिशेब मिटला. परंतु ज्याच्या कल्पनेवर ही इमारत उभी राहिली, तो माणूस तोवर हयात नव्हता. हे या धाग्यातील पहिले विस्मृत नाव.

६/१८
तरीही लेगोचे श्रेय नाकारता येणार नाही. पोकळ ठोकळे एकमेकांवर बसत, पण घट्ट राहत नसत. ओले कर्क यांचे पुत्र गॉटफ्रेड यांच्या काळात ठोकळ्याच्या पोटात पोकळ नळ्या घालण्याची युक्ती सुचली. वरचे उंचवटे या नळ्यांच्या आणि भिंतींच्या बेचक्यात गच्च अडकतात. या रचनेच्या पेटंटचा अर्ज २८ जानेवारी १९५८ रोजी कोपनहेगन येथे दाखल झाला. त्या वर्षीचा ठोकळा आजच्या ठोकळ्यावर बसतो. सहा दशकांहून अधिक काळ एकच माप सांभाळणे हा उत्पादनाच्या इतिहासातील मोठा पराक्रम होय.

७/१८
१९६२ मध्ये लेगोचे चाक आले आणि घरे बांधणाऱ्या मुलांना गाड्या करता येऊ लागल्या. आता लेगो वर्षाला तीस कोटींहून अधिक चिमुकले टायर बनवते. संख्येच्या हिशेबाने कोणत्याही मोटारटायर कंपनीलाही तिने मागे टाकले आहे. पुढे १९७८ मध्ये हातपाय हलणारा पिवळ्या चेहऱ्याचा पुतळा आला. त्याचे हास्य मुद्दाम साधे ठेवलेले होते. तो कोण, हे मुलाने ठरवायचे होते. ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

८/१८
आता गाडीकडे. मे १९३९ ही तारीख असलेल्या ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या २७ व्या अंकात बॅटमॅन प्रथम अवतरला. त्या कथेत तो एका साध्या लाल मोटारीतून फिरतो. ‘बॅटमोबिल’ हे नाव १९४१ मध्ये ४८ व्या अंकात आले, आणि त्याच वर्षी गाडीच्या नाकावर वटवाघळाचे मस्तक व पाठीवर कल्ला उगवला. म्हणजे जी गाडी आज सावलीवरूनही ओळखू येते, ती हळूहळू घडत गेलेली आहे.

९/१८
बॅटमॅनचा जनक म्हणून अनेक दशके एकट्या बॉब केन यांचे नाव छापले जात असे. वस्तुतः झूल, शिरस्त्राण, करडा पोशाख, ब्रूस वेन हे नाव, गॉथम हे नगर, या साऱ्यांत लेखक बिल फिंगर यांचा हात होता. पहिली कथाही त्यांचीच. फिंगर १९७४ मध्ये वारले, तेव्हा त्यांना ना मान मिळालेला होता ना धन. हे दुसरे विस्मृत नाव.

१०/१८
कागदावरील गाडी रस्त्यावर आणली ती दूरचित्रवाणीने. जानेवारी १९६६ मध्ये अमेरिकेत ॲडम वेस्ट यांची मालिका सुरू झाली. तिच्यासाठी गाडी हवी होती आणि वेळ अत्यल्प होता. जॉर्ज बॅरिस यांच्याकडे ‘लिंकन फ्युचुरा’ ही १९५५ मधील एक प्रदर्शनीय मोटार पडून होती. इटलीत तयार झालेली ही गाडी त्यांनी फोर्डकडून नाममात्र एका डॉलरला घेतली होती. तिलाच काळा रंग व लाल कडा देऊन बॅटमोबिल करण्यात आले. २०१३ च्या लिलावात तीच गाडी ४० लाख डॉलरांहून अधिक किमतीला गेली.

११/१८
त्याच वर्षी ब्रिटनमधील कॉर्गी कंपनीने धातूची छोटी बॅटमोबिल बाजारात आणली. तिच्यातून चिमुकली क्षेपणास्त्रे उडत आणि पुढून पाते बाहेर येई. लाखोंनी विकली गेलेली ही खेळगाडी एक धडा देऊन गेली: मुलाला नुसती मोटार नको असते, त्याला कथेतील मोटार हवी असते. बिलुंडला हा धडा गिरवायला आणखी काही दशके लागली.

१२/१८
लेगोने आरंभी कथा विकत घेतल्या नाहीत. नगर, किल्ला, अंतराळ ही तिची जगे नावाविना होती. परंतु पेटंटला मुदत असते. अमेरिकेतील मूळ पेटंट १९७८ मध्ये संपले, कॅनडातील शेवटचे १९८८ मध्ये. तसेच उंचवटे, तशाच नळ्या आता कोणीही करू शकत होते, आणि प्रतिस्पर्ध्यांनी ते केलेही.

१३/१८
१९९९ मध्ये लेगोने ‘स्टार वॉर्स’चा परवाना घेतला. नावातच ‘युद्ध’ असलेली कथा घ्यावी का, यावर कंपनीत मतभेद झाले होते. २००३ व २००४ ही वर्षे मोठ्या तोट्याची गेली. यॉर्गन विग क्नुडस्टॉर्प यांनी सूत्रे हाती घेऊन तुकड्यांचे प्रकार जवळजवळ निम्म्यावर आणले आणि २००५ मध्ये लेगोलँड उद्यानांतील बहुतांश हिस्सा विकला गेला. परवान्यांकडे वळण्याचे कारण केवळ पेटंट संपणे नव्हे. व्हिडिओ गेमची स्पर्धा आणि कंपनीचा पसाराही तितकाच कारणीभूत होता. पण संरक्षण संपलेल्या ठोकळ्याला संरक्षित कथेची जोड मिळाली, हे खरे.

१४/१८
२००६ मध्ये लेगोची बॅटमॅन मालिका आली. तिच्यात १,०४५ तुकड्यांची संग्राहकांसाठीची बॅटमोबिलही होती. २०१२ पासून डीसी आणि मार्व्हल या दोन्ही घराण्यांचे महानायक ठोकळ्यांत उतरले. २०१९ मधील बॅटमोबिल, १९८९ च्या चित्रपटातील गाडीची प्रतिकृती, ३,३०६ तुकड्यांची आहे. दुसऱ्या टोकाला चार वर्षांपुढील मुलांसाठीच्या गाड्या, ज्यांचा तळ एकाच मोठ्या तयार तुकड्याचा असतो.

१५/१८
आता न्यायालये. पेटंट संपल्यावर ठोकळ्याचा आकार हेच आपले व्यापारचिन्ह, असा दावा लेगोने केला. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये तो फेटाळला. युरोपीय संघाच्या न्यायालयानेही २०१० मध्ये हा आकार व्यापारचिन्ह म्हणून मान्य केला नाही. कारण समजण्याजोगे आहे. उंचवटे हे ठोकळ्याचे काम आहे, त्याची ओळख नव्हे. कामाच्या रचनेला पेटंटपुरती मुदत मिळते. व्यापारचिन्हाच्या वाटेने ती अमर करता येत नाही.

१६/१८
आणि सप्टेंबर २०१५. अमेरिकेतील एका अपिली न्यायालयापुढे बॅटमोबिलच्या पूर्णाकृती प्रतिकृती करून विकणाऱ्या व्यावसायिकाचा खटला होता. निकाल लागला: बॅटमोबिल ही नुसती मोटार नाही, ते एक पात्र आहे. रूप बदलले तरी ती ओळखू येते, तिला स्वभाव आहे, म्हणून तिला स्वामित्वहक्क आहे. योगायोग असा, की त्याच महिन्यात डीसीने बिल फिंगर यांना श्रेय देण्याचे जाहीर केले. गाडीला पात्राचा दर्जा आणि तिच्या जगाच्या एका जनकाला नाव, दोन्ही एकाच महिन्यात मिळाले. फरक इतकाच, की फिंगर जाऊन ४१ वर्षे झाली होती.

१७/१८
तेव्हा खोक्यात काय आहे? जगाचा झालेला एक ठोकळा आणि कोणा एकाची असलेली एक कथा. मग मुलासाठी असा संच घ्यावा का? त्याची परीक्षा पहिल्या दिवशी होत नाही. पहिल्या दिवशी चित्राबरहुकूम गाडी होतेच. तिसऱ्या दिवशी ती मोडून घरातल्या इतर ठोकळ्यांत मिसळली, की पाहावे. तळाचा मोठा तुकडा लहान हातांना सोपा, पण तो सहसा गाडीचाच तळ राहतो; ही उणीव. साधे, नेहमीच्या मापाचे तुकडे जितके अधिक, तितका संच दीर्घायुषी. आठ उंचवट्यांचे अवघे सहा ठोकळे ९१,५१,०३,७६५ प्रकारे जोडता येतात, हे गणित कोपनहेगन विद्यापीठातील गणितज्ञांनी मांडले आहे. त्यांतील एकच प्रकार खोक्यावर छापता येतो.

१८/१८
अमेरिकी न्यायालयाचा रोख प्रतिकृती विकण्यावर होता. घरातल्या जमिनीवर तो हुकूम चालत नाही. तिथे बॅटमोबिलला नांगर जोडता येतो, खलनायकाला चालक नेमता येतो आणि मुखवट्यामागे कोण आहे, हे पुन्हा मुलालाच ठरवता येते. एवढे मात्र व्हावे: गाडी मोडताना कोणी विचारले, ‘हे कोणी शोधले?’, तर उत्तरात हिलरी फिशर पेज आणि बिल फिंगर ही दोन नावे असावीत. ती दोन्ही खोक्यावर क्वचितच सापडतील. धागा येथे संपतो.