लोकरीची टोपी, जाड विणीची

लोकरीची टोपी : जाड लोकरीच्या किंवा ॲक्रिलिकच्या धाग्याने सुयांवर विणलेले, कपाळ व कान झाकणारे शिरोवस्त्र (पहा : शिरोभूषणे).

उगम : ईजिप्तमध्ये सापडलेले मध्ययुगीन सुती मोजे हे सुयांवरील विणकामाच्या सर्वांत जुन्या ज्ञात नमुन्यांपैकी असून, भारतात ही कला एकोणिसाव्या शतकात मुख्यतः यूरोपीय मिशनरी स्त्रिया व मुलींच्या शाळा यांच्यामार्फत पसरली (पहा : विणकाम). वऱ्हाडात अमरावती व अकोला येथे या टोपीचा वापर हिवाळ्यापुरता असतो. सुमारे १,१०० मी. उंचीवरील चिखलदऱ्यात (पहा : मेळघाट) थंडी अधिक असते.

वैशिष्ट्ये : नवशिक्यांच्या प्रकारात ८ मिमी. जाडीच्या दोन सुयांवर ४८ टाके घालून, एक सुलट व एक उलट टाका अशा क्रमाने ताणली जाणारी पट्टी विणतात. पुढे एक ओळ सुलट व एक उलट विणत एकूण उंची सुमारे १४ सेंमी. झाल्यावर प्रत्येक सुलट ओळीत समान अंतरावर सहा ठिकाणी दोन टाके एकत्र विणून टाके घटवतात. उरलेल्या १२ टाक्यांतून धागा ओवून तो आवळतात आणि कडा शिवून टोपी पूर्ण करतात. धागा जाड असल्याने ओळी कमी लागतात व चुकलेला टाका सहज दिसतो.

महत्त्व : टाके घालणे, घटवणे व कडा जोडणे ही स्वेटरलाही लागणारी मूलभूत कौशल्ये या एकाच वस्तूत येतात. मराठी कुटुंबांत नवजात बालकासाठी विणलेली लहान टोपी बाळंतविड्यात दिली जाते (पहा : बाळंतविडा).