उणिवेनें शिकविलेलें शास्त्र

हंगामाच्या दिवसांत अकोटच्या कापूस-बाजारांत ज्यानें एकदां पाऊल ठेविलें आहे, त्यास एक गोष्ट सांगावयास नको. कापूस कितीही पिको, जिनांतून रुई व सरकी कितीही निघो; माल बंडीवर चढविणारा हमाल एक दिवस आला नाहीं कीं सारा व्यवहार तुंबतो. ढीग जागच्या जागीं पडून राहतो, बंड्या रिकाम्या परततात, आणि ज्याचें नांव कोणी वहींत लिहीत नाहीं त्याची किंमत त्या दिवशीं कळते. आपल्या शरीरांतही असा एक हमाल आहे, व त्याची ओळखही तो गैरहजर असल्यामुळेंच पटली. तो इतिहास वाचकांपुढें ठेवावा, असा आमचा हेतु आहे.

1950 सालीं न्यूयॉर्क येथील बासेन व कॉर्नझ्वाइग या डॉक्टरांनीं अठरा वर्षांच्या एका मुलीची हकीकत प्रसिद्ध केली. तिची दृष्टि मंदावत चालली होती, चालतांना तोल जाई, आणि तिच्या रक्तांतील तांबड्या पेशी काटेरी दिसत. पुढें दहा वर्षांनीं असें आढळलें कीं, अशा रोग्यांच्या रक्तांत स्निग्ध द्रव्यें वाहून नेणाऱ्या कणांचा एक मोठा वर्गच नसतो. अशा मुलाला तूप-दूध पचत नाहीं, त्याची वाढ खुंटते. आणि स्निग्ध पदार्थांबरोबर येणारें ई जीवनसत्त्व मज्जातंतूंस न मिळाल्यानें ते झिजत जातात. या रोगास ॲबीटालायपोप्रोटिनीमिया असें लांबलचक नांव आहे. आईबाप निरोगी असूनही दोघांकडून एकेक सदोष जनुक आल्यास मूल रोगी निघतें. म्हणून नात्यांत लग्नें होतात तेथें त्याचा संभव वाढतो. मामाची मुलगी करण्याची चाल आपल्याकडे अनेक घराण्यांत आहे, हें येथें विसरूं नये.

दोष बंडीचा कीं हमालाचा, हा प्रश्न मात्र बेचाळीस वर्षें सुटला नाहीं. स्निग्ध कणाचा सांगाडा असलेलें ॲपो-बी हें प्रथिनच सदोष असावें, असा स्वाभाविक तर्क होता. 1992 सालीं वेटराउ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें कीं, बंडी शाबूत आहे. तीवर माल चढविणारें एमटीपी हें प्रथिन रोग्यांच्या आंतड्यांत सांपडत नाहीं.

परंतु रोग्याकडे पाहून जें कळतें त्यास मर्यादा असते. मुद्दाम प्रयोग माणसावर करतां येत नाहीं. येथें उंदीर पुढें येतो. आपल्या घरांत तो धान्याचा चोर, भाद्रपदांत गणपतीचें वाहन. प्रयोगशाळेंत त्याचें तिसरेंच रूप आहे. पुण्यास जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनीं मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्यें उंदरांच्या निरनिराळ्या वंशांवर स्तनाच्या कर्करोगाचा अभ्यास केला. त्या काळीं निसर्गानें जो दोष ज्या वंशांत ठेविला असेल, त्यावरच शास्त्रज्ञास भागवावें लागे. 1989 सालीं ही स्थिति पालटली. इव्हान्स, कॅपेकी व स्मिदीज यांच्या शोधांमुळें गर्भाच्या मूलपेशींतील एकच नेमकें जनुक निकामी करून त्यांपासून उंदरांची संतति वाढवितां येऊं लागली. या नॉकआऊट उंदरांबद्दल तिघांस 2007 चें नोबेल पारितोषिक मिळालें.

1998 सालीं एमटीपीचें जनुक अशा रीतीनें काढण्यांत आलें, आणि फळ अनपेक्षित निघालें. ज्यांच्यांत दोन्ही प्रती नव्हत्या ते उंदीर जन्मासच आले नाहींत. मानवी मूल जन्मतें, उंदराचा गर्भ दगावतो. कारण त्याचें स्निग्ध पोषण गर्भाच्या पीतककोशांतून, या हमालाच्याच हातून व्हावें लागतें. एक प्रत उरलेले उंदीर मात्र जगले. पुढल्याच वर्षीं केवळ यकृतांतून तें जनुक काढलें, तेव्हां रक्तांतील स्निग्ध कण घटले, पण यकृतांत चरबी सांचली. माल निघाला नाहीं तर वखार भरणारच!

2012 सालीं अमेरिकेंत लोमिटापाइड या औषधास मान्यता मिळाली. जन्मतःच कोलेस्टेरॉल भयंकर वाढलेल्या, दुर्मिळ आनुवंशिक रोग्यांसाठीं तें या हमालाचा हात आंखडता करतें. आणि यकृतांत चरबी सांचण्याचा जो इशारा उंदरानें दिला होता, तोच वैद्यास तें देतांना संभाळावा लागतो. उलट ज्यांच्यांत हमालच नाहीं त्या मुलांस तूप-तेल बेतानें व ई जीवनसत्त्व मोठ्या मात्रेनें लहानपणापासून दिलें, तर मज्जातंतूंची हानि पुष्कळ टळते. निदानास उशीर झाला तर गेलेलें बहुधा परत येत नाहीं.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हें या इतिहासांत उंदरानेंच शिकविलें. तथापि एका मुलीच्या उणिवेचा अर्थ लावण्यास त्याचे न जन्मलेले वंशज उपयोगीं पडले. कणगीपाशीं सांपळा मांडतांना या ऋणाची क्षणभर आठवण झाली, तर तें वावगें होणार नाहीं.