गच्चीवरचे नाटक आणि आपले निस्सीम

नाटक म्हटले की आमच्या पिढीला दामोदर हॉल आठवतो, गिरगावातला साहित्य संघ आठवतो, तिसरी घंटा आणि वर जाणारा मखमली पडदा आठवतो. पण मुंबईत एक नाट्यगृह असेही होते की ज्याला ना छत होते ना पडदा. कंबाला हिलवरील एका इमारतीची ती गच्ची. तिचे नाव 'मेघदूत'.

ही गच्ची रंगभूमी केली इब्राहिम अल्काझी यांनी. त्यांचा जन्म 1925 साली पुण्यात झाला. वडील सौदी व्यापारी, आई कुवेतची, घरात बोली अरबी. फाळणीनंतर घरची मंडळी देश सोडून गेली, इब्राहिम मात्र मुंबईतच राहिले. त्यांचे जिवलग मित्र म्हणजे आपल्या समाजाचे कवी निस्सीम इझिकेल. निस्सीम यांचा जन्म 1924 चा. वडील विल्सन कॉलेजात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक, आई मराठी शाळा चालवीत असे.

1948 च्या नोव्हेंबरात निस्सीम बोटीने विलायतेला गेले. तिकिटाचे पैसे अल्काझींनी दिले. ते वर्ष कोणते होते, हे वाचकांना सांगायला नको. इस्राएल राष्ट्र नुकतेच जन्मले होते आणि युद्ध चालू होते. त्याच वेळी लंडनमध्ये एक अरब आणि एक बेने इस्राएल, दोघे मुंबईकर, एकमेकांच्या आधाराने राहात होते. एक नाट्यशिक्षण घेत होता, दुसरा तत्त्वज्ञान शिकत होता आणि कविता लिहीत होता. निस्सीम यांचा पहिला कवितासंग्रह 1952 साली लंडनमध्येच निघाला. परतताना मात्र हातात पैसे नव्हते, म्हणून मालवाहू बोटीवर काम करीत ते मुंबईला आले.

अल्काझींनी पुढे 'थिएटर युनिट' ही संस्था काढली आणि गच्चीवर नाटके केली. ग्रीक शोकनाटिका 'मीडिया' तिथेच झाली. उघड्यावर नटाला पडद्याआड दडता येत नाही. आवाज वाऱ्यावर जाऊ द्यायचा नाही, आणि प्रेक्षक इतका जवळ की चेहऱ्यावरची रेघही खोटी चालत नाही. पावसाळ्यात तर खेळच नाही!

आम्हां बेने इस्राएलांना हे फारसे नवे वाटू नये. आपल्या कीर्तनाला तरी कुठे पडदा लागत असे? कीर्तनकार उभा राहिला, पेटी-तबल्याची साथ सुरू झाली, की योसेफाची कथा डोळ्यांपुढे उभी राहात असे.

1962 मध्ये अल्काझी दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे संचालक झाले. 1963 मध्ये त्यांनी धर्मवीर भारतींचे 'अंधा युग' फिरोजशहा कोटल्याच्या पडक्या भिंतींत केले. महाभारत युद्धाचा अठरावा दिवस, उद्ध्वस्त नगरी, आणि मागे खरोखरीचे भग्नावशेष! नेपथ्य उभारायची गरजच उरली नाही. पंडित नेहरूही तो प्रयोग पाहायला आले होते. पुढे पुराना किल्ल्यात गिरीश कर्नाडांचे 'तुघलक' झाले. दिल्लीत झाडाखाली उभारलेल्या खुल्या रंगमंचालाही अल्काझींनी 'मेघदूत' हेच नाव दिले. मुंबईची गच्ची ते विसरले नव्हते.

निस्सीम मुंबईतच राहिले. 1969 मध्ये त्यांची तीन इंग्रजी नाटके पुस्तकरूपाने आली. मराठीशीही नाते तुटले नाही. इंदिरा संतांच्या कविता इंग्रजीत नेण्यात त्यांचा वाटा होता. अखेरच्या वर्षांत मात्र त्यांना स्मृतिभ्रंशाने गाठले आणि 9 जानेवारी 2004 रोजी ते गेले. अल्काझी 2020 मध्ये वारले.

ज्याने इतके लिहून ठेवले, त्याचीच आठवण अखेरीस पुसली गेली. गच्चीवरच्या नाटकाचेही तसेच. खेळ संपला की खुर्च्या उचलल्या जातात आणि तिथे पुन्हा कपडे वाळत पडतात. म्हणून आपल्यापैकी ज्यांनी त्या काळची नाटके पाहिली, कीर्तने ऐकली, त्यांनी नातवंडांना जवळ बसवून ते सांगावे. आणि 1948 साली एका अरब मित्राने आपल्या निस्सीमचे तिकीट काढले होते, हेही सांगायला विसरू नये.