जेकार्डच्या पुठ्ठ्यावरचा ठेका

आमचे धाकटे काका ठेका शिकवायला तबला घेत नसत, जेकार्डचा पुठ्ठा घेत. सोलापुरी चादरीच्या नक्षीसाठी भोकं पाडलेली ही लांबट कार्डं दोऱ्यानं एकमेकांना शिवलेली असतात आणि मागावर माळेसारखी फिरत राहतात. भोक असेल तिथं सुई आत जाते, आकडा उचलला जातो आणि ताण्याचा धागा वर येतो. भोक नसेल तिथं धागा खालीच राहतो. काका त्या पुठ्ठ्यावरून माझं बोट फिरवायचे. "भोक आलं की टिचकी मार, कोरं आलं की गप राहा. ड्रमवाला तरी दुसरं काय करतोय बे?"

ड्रमवाला त्यांनी पाहिला होता मुंबईत. आजोबा सोलापूरच्या जुन्या मिलमध्ये जॉबर होते. मिल बंद पडल्यावर त्यांनी घरातच दोन माग टाकले आणि धाकट्याला टेक्स्टाइल शिकायला माटुंग्याच्या व्हीजेटीआयमध्ये धाडलं. पोरगा परत येईल, दोन मागांचे चार होतील, एवढाच हिशेब. पण माटुंग्यापासून षण्मुखानंद सभागृह चालत जाण्याच्या अंतरावर होतं, आणि 1970 साली त्या सभागृहात शिमला बीटची स्पर्धा होती. शिमला नावाच्या सिगारेटच्या प्रचारासाठी इम्पिरिअल टोबॅको कंपनीनं ती भरवलेली. देशभरातून पोरांचे गट गिटारी घेऊन उतरायचे. काका बाल्कनीत बसले होते. आजही ती गोष्ट सांगताना ते आधी छातीवर हात ठेवतात: "मागाचा आवाज कानानं ऐकू येतो. तो ढोल इथं ऐकू आला."

मुंबईत ही हवा आधीच सुरू झाली होती. द जेट्स, द मिस्टिक्स, द सॅव्हेजेस असे गट साठच्या दशकात बीटल्सच्या आणि रोलिंग स्टोन्सच्या चाली वाजवत होते. बाहेरून वाद्यं मागवायची तर आयातीची कडक बंधनं. चांगली गिटार कुणाच्या तरी बोटीवरच्या नातलगाकडून यायची, आणि अॅम्प्लिफायर रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडून जुळवून घ्यायचा. काकांना या जुगाडाचं फार कौतुक. मोडका माग चालता करणाऱ्या घरातला माणूस दुसऱ्या कशाला दाद देणार!

त्यांच्या गोष्टीत एक शब्द सारखा यायचा: मॉड. मला वाटायचं, तो 'मॉडर्न'चा तुकडा. पुष्कळ नंतर कळलं की लंडनमध्ये या नावाची पोरांची एक अख्खी पिढी होती. त्यातली बरीचशी कामगारांच्या घरातली. पगाराचा मोठा वाटा नेटक्या शिवलेल्या सुटावर आणि इटालियन स्कूटरवर घालवणारी, अमेरिकेतल्या काळ्या गायकांच्या सोल गाण्यांवर रात्र रात्र नाचणारी. त्यांच्यातला एक गट होता द अॅक्शन, लंडनच्या केंटिश टाऊनचा. रेग किंग हा त्यांचा गायक. बीटल्सच्या ध्वनिमुद्रिकांमागचे जॉर्ज मार्टिन यांनी या पोरांच्या पाच छोट्या तबकड्या 1965 ते 1967 या काळात काढल्या. एकही गाजली नाही. मोठी तबकडी तर तेव्हा निघालीच नाही. मी काकांना त्यांचं गाणं मोबाइलवर ऐकवलं. डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकून ते म्हणाले, "ह्यांचं कापड चांगलं होतं की. मग बाजारात का नाही चाललं?" या प्रश्नाला मला उत्तर देता आलं नाही.

आपल्याकडच्या त्या गटांचंही तेच झालं. शिमला बीटच्या दोन तबकड्या निघाल्या, 1970 ची आणि 1971 ची. आज परदेशातले शौकीन त्या शोधत असतात. आपण मात्र त्या पोरांना इंग्रजी गाण्यांची नक्कल करणारे म्हणून मोडीत काढलं. मला हे पटत नाही. पेटीही परदेशातूनच आली, आणि किर्लोस्करांनी 1880 साली 'शाकुंतल' रंगभूमीवर आणलं तेव्हा कानडी चालीही उचलल्या होत्याच. आपल्या रंगभूमीचं दार कधी बंद नव्हतं. या संगीतालाही ते उघडलं, आणि उघडलं ते सोलापुरात वाढलेल्या माणसानं. घरात हे सांगायचा मान मात्र आत्याचा.

आत्याला पुण्यात दिलेली. 1978 च्या सुमारास तिनं थिएटर अकादमीचं 'तीन पैशाचा तमाशा' हे नाटक पाहिलं. ब्रेख्त आणि कुर्ट वाइल यांचं 1928 सालचं बर्लिनमधलं संगीतक पुलंनी मराठीत आणलेलं, आणि दिग्दर्शक डॉ. जब्बार पटेल, म्हणजे आमच्या सोलापूरच्या हरिभाई देवकरण प्रशालेतले. काकाही तिथलेच, काही वर्गांनी मागचे. त्या काळात प्रा. श्रीराम पुजारींच्या घरी कुमार गंधर्व, भीमसेन, पु. ल. येत, आणि गावात गाण्याचे कान तयार होत. 'तमाशा' या नावावर जाऊन आत्या ढोलकीच्या तयारीनं बसली होती. ढोलकी वाजली, लावणी झाली, नाट्यपदाच्या वळणाचंही काही झालं, आणि मग नाटकातला अंकुश गायला लागला.

"गळा असा मोकळा सोडला त्यानं," आत्या सांगते, "की माझ्या शेजारच्या बाईनं पदर सावरला. मी मात्र हलले नाही. मला वाटलं, हा आमच्या धाकट्याचा ढोल आला की गं इथं."

अंकुश झाला होता नंदू भेंडे. 'झोपी गेलेला जागा झाला'सारख्या फार्सनी महाराष्ट्राला हसवणाऱ्या आत्माराम भेंड्यांचा आणि आशाबाईंचा हा मुलगा. वेल्वेट फॉग, सॅव्हेज एन्काउंटर अशा मुंबईच्या रॉक गटांत तो गायला होता. 1974 साली अलेक पदमसींच्या 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार'मध्ये तो जुडास होता. म्हणजे काकांनी बाल्कनीतून ऐकलं त्याच जातीचं गाणं आठ वर्षांनी आत्यानं मराठी शब्दांत ऐकलं. दोघांची गाठ पडली ती दिवाळीत, सोलापूरच्या घरी, माग बंद असताना. आजोबा ओट्यावर तंबाखू मळत बसले होते. आत्यानं अंकुशची चाल गुणगुणली, काकांनी पुठ्ठा काढून ठेका धरला. आजोबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एवढंच म्हणाले, "तिसऱ्या फेकीला चुकतोयस."

नंदू भेंडे 11 एप्रिल 2014 रोजी गेला. मी काकांना फोन केला तेव्हा त्यांच्याकडे आत्या आलेली होती. काका म्हणाले, "थांब, ठेवू नको." पलीकडून माळ्यावरची ट्रंक ओढल्याचा आवाज आला, मग आत्याचा आवाज, थकलेला, चाल अर्धवट आठवत. आणि तिच्याखाली जाड पुठ्ठ्यावर नखाची टिचकी. तिसरीला ते आता चुकत नव्हते.