धान कापलं की पडदा उघडतो

पॅरिसमध्ये ३१ ऑक्टोबर १९०३ रोजी ‘सालों दोतोन’, म्हणजे शरदातलं चित्रप्रदर्शन, पहिल्यांदा भरलं. जुनी प्रतिष्ठित प्रदर्शनं वसंतात भरत. नव्या मंडळींनी शरद ऋतू निवडला, कारण उन्हाळाभर उघड्यावर बसून रंगवलेली चित्रं तोवर हाताशी आलेली असत आणि सुटीला गेलेलं शहरही परतलेलं असे. मुंबईतही पाऊस सरला की कलादालनांमधली वर्दळ वाढते. शहरातला कलेचा हंगाम असा बघणाऱ्याच्या आणि विकत घेणाऱ्याच्या सवडीवर ठरतो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलमुलखातही कलेचा हंगाम शरदातच सुरू होतो. भाऊबीजेपासून होळीपर्यंत झाडीपट्टीच्या गावागावांत रात्रभर नाटकं चालतात, आणि त्यांची निवड करायला माणसं वडशाला, म्हणजे देसाईगंजला येतात. तिथे नाट्यमंडळांच्या कार्यालयांवर टांगलेले रंगीत फलक, त्यांवरची नाटकांची नावं आणि नटनट्यांचे फोटो पाहत हिंडणं हे एक प्रदर्शन पाहणंच आहे. या रंगभूमीबद्दल बोलताना ‘पुण्या-मुंबईत संपलेलं संगीत नाटक इथे अजून जिवंत राहिलं’ असं कौतुकाने म्हटलं जातं. ते मला अपुरं वाटतं. झाडीपट्टीची रंगभूमी टिकली ती जुन्या नाटकांवरच्या प्रेमाने नव्हे. तिला धानाच्या शेतीने एक पक्की वेळ, एक रिकामी जागा आणि एक मोकळा प्रेक्षक दिला म्हणून.

आधी नकाशाकडे पाहू. चंद्रपूर जिल्ह्याचे शेतीच्या दृष्टीने दोन भाग पडतात. वरोरा, भद्रावती, राजुरा, कोरपना हा पश्चिमेचा भाग कापसाचा, आता सोयाबीनचाही. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल, सावली हा पूर्वेचा भाग धानाचा. नाटकांचा मुलूख या दुसऱ्या भागात आहे. तिथून वैनगंगा ओलांडली की वडसा, आरमोरी, कुरखेडा, आणि उत्तरेला भंडारा-गोंदिया. एकाच जिल्ह्यात, एकाच प्रशासनाखाली, एकाच भाषेच्या माणसांत ही रेघ का पडावी? कापूस दसऱ्यापासून वेचायला लागतो आणि एक वेचा झाला की दुसरा, तिसरा असा माघापर्यंत लांबतो. बायामाणसांचे हात सगळ्या गावात एकाच वेळी कधीच मोकळे होत नाहीत. धानाचं तसं नाही. आषाढ-श्रावणात रोवणा (रोपांची लावणी), मग बांधीतलं (वाफ्यातलं) पाणी राखणं, दिवाळीच्या आसपास हलकं धान कापणं, त्यानंतर भारी धान आणि चुरणा (मळणी). कामाची झोड उठते तशी ती ओसरतेही, आणि ओसरते ती साऱ्या गावाची मिळूनच. मागे उरते बांधांनी वेढलेली, सपाट, कोरडी, रिकामी बांधी आणि बसायला हवी तेवढी तणस. नाट्यगृह बांधायला याहून काय लागतं?

हा केवळ योगायोग आहे, असं कोणी म्हणेल. पण धानाच्या दुसऱ्या मुलखांकडे नजर टाकली की योगायोगाची बाजू लंगडी पडते. कोकणात भात कापून झालं की कार्तिकापासून देवळांच्या जत्रा लागतात आणि दशावतारी मंडळ्या बाहेर पडतात. कर्नाटकाच्या किनाऱ्यावर यक्षगानाचे मेळे नोव्हेंबरात निघतात ते मे महिन्यात परततात. झाडीपट्टीला लागून असलेल्या छत्तीसगडात दिवाळीनंतर मडई भरते आणि रात्री नाचा रंगतो. आपल्याकडच्या मंडईचं, म्हणजे झाडीपट्टीतल्या दिवाळीनंतरच्या जत्रेचं, आणि त्या मडईचं नातं नावातच आहे. भाषा वेगळ्या, देव वेगळे, नाट्यप्रकार वेगळे. सारखं आहे ते पीक. उलट धानाच्या मुलखाबाहेरचा, पश्चिम महाराष्ट्रातला तमाशा पाहा. त्याचे फड दसऱ्याला बाहेर पडत असले तरी खरी कमाई चैत्र-वैशाखातल्या गावजत्रांची, म्हणून गावकारभारी नारायणगावला सुपाऱ्या द्यायला जमतात ते गुढीपाडव्याच्या सुमाराला.

धानाचा हा मुलूख आपोआप झालेला नाही. चांद्याच्या, म्हणजे चंद्रपूरच्या, गोंड राजांनी जंगल तोडून गाव वसवणाऱ्याला आणि तळं बांधणाऱ्याला जमिनी तोडून दिल्या. अशा देणगीला ‘तुकूम’ म्हणत, आणि चंद्रपूर शहरातल्या एका वस्तीचं नाव आजही तुकूम आहे. कोहळी समाजाने तळी बांधण्याची विद्या पिढ्यान्‌पिढ्या जोपासली. पूर्व विदर्भाच्या चार जिल्ह्यांत आजही सहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी (जुन्या गावजमीनदारांचे) तलाव मोजले जातात. लोक त्यांना आटोपशीरपणे ‘मामा तलाव’ म्हणतात. तळं आलं म्हणून धान आलं, धानामुळे वर्षाला एक ठरलेली विश्रांती आली, आणि त्या विश्रांतीत दंडार आली. दंडार म्हणजे उघड्या जागी, ना पडदा ना तिकीट, रात्र-रात्र चालणारा नाचगाण्याचा खेळ. बाईचं पात्रही पुरुषच करी. भंडाऱ्याकडे खडीगंमत होती. १८४३ साली सांगलीला विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं आणि १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ आलं. त्या लाटेतून पडदे, पेटी आणि नाट्यपदं पुढे इकडेही पोचली. पण ती मोकळ्या मैदानात येऊन पडली नाहीत. रात्रभर बसून पाहणारा प्रेक्षक दंडारीने आधीच तयार करून ठेवला होता.

इथे पहिला गंभीर आक्षेप येतो. झाडीपट्टीतल्या जाणत्यांचं म्हणणं असं, की नाटकाला गर्दी मिळाली ती शंकरपटामुळे. दिवसा बैलांचा पट, त्यासाठी लांबून आलेले पाहुणे, आणि त्यांची रात्र काढायला नाटक. पाहुण्यांनी भरलेल्या घरांत सोयरिकी जुळायच्या, लेकी-जावई मुक्कामाला यायचे, रेंग्या-छकडे अशा बैलगाड्यांनी गावाची वेस भरून जायची. असं असेल तर रंगभूमीचं मूळ बैलांच्या शर्यतीत आहे, धानात नाही. या आक्षेपाची परीक्षा घ्यायची संधी सर्वोच्च न्यायालयानेच दिली. ७ मे २०१४ च्या निकालाने बैलांच्या शर्यती थांबल्या. डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रात त्यांना पुन्हा मुभा मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने कायद्यातल्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. मधल्या काळात पट नव्हता, नाटकं मात्र चालू होती. मंडईच्या, नाहीतर गावाच्या मंडळाच्या नावावर ती लागत राहिली. एखाद्या खांबावर छप्पर उभं आहे असं वाटावं, तो खांब काढून घ्यावा आणि छप्पर तसंच राहावं, म्हणजे तो खांब शोभेचा होता असं समजावं. ‘शोभेचा’ हा शब्द पटाच्या शौकिनांना झोंबेल. पटाने नाटकाला प्रसंग दिला, वैभव दिलं, हे नाकारायचं कारण नाही. पण आधार त्याच्याखालच्या जमिनीचा होता. हंगाम बुडाला तो कोविडच्या काळात, कारण तेव्हा माणसांच्या एकत्र जमण्यालाच बंदी होती.

आश्रयदात्याचंही तसंच. जुन्या काळी मालगुजार पट भरवी, दंडारीला बिदागी देई. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तळी सरकारजमा झाली, वाड्यांची रया गेली. संस्थानांच्या आश्रयावर वाढलेल्या कितीतरी कला अशा वेळी कोमेजल्या. इथे मालगुजाराच्या जागी गावचं मंडळ आलं. चार-दहा जण मिळून वडशाला जातात, नाटकाचा सौदा करतात, विसार देतात, गावात मंडप घालतात आणि तिकीट लावतात; नफा झाला तर गावाचा, तोटाही गावाचाच. नाटक ही एखाद्याच्या मेहेरबानीची वस्तू न राहता गावाने पत्करलेला व्यवहार झालं. माझ्या मते या रंगभूमीच्या इतिहासातलं हेच सर्वांत मोठं वळण आहे, आणि संगीताच्या कौतुकात त्याकडे नेमकं दुर्लक्ष होतं.

केंद्र वडसाच का, चंद्रपूर किंवा गडचिरोली का नाही, याचं उत्तरही याच हिशेबात सापडतं. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी झाला आणि त्यानंतर कित्येक वर्षं रेल्वे पोचलेलं त्यातलं एकच ठिकाण होतं, ते वडसा. गोंदिया-बल्लारशा मार्गावरचं हे गाव चार जिल्ह्यांच्या धानपट्ट्याच्या सांध्यावर आहे. भंडाऱ्याच्या लाखांदूरहून, गोंदियाच्या अर्जुनी-मोरगावहून, ब्रह्मपुरीहून सौदा करून दिवसाउजेडी घरी परतता येईल असं हे ठिकाण. नागपूरहून येणाऱ्या नट्या आणि वादक रेल्वेने किंवा बसने उतरणार तेही इथेच. जिल्ह्याचं ठाणं नाटकासाठी बिनकामाचं. इथे बाजारपेठ लागते.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. ही रंगभूमी शहराची नक्कल करते, प्रसंगांच्या मध्येच लावणी घुसवते, विंगेतल्या प्रॉम्प्टरवर विसंबते, नाटकांची नावं सिनेमाच्या थाटाची ठेवते. यातलं बरंचसं खरं आहे, आणि ते झाकून झाडीपट्टीचं भलं होणार नाही. त्याहून खरं दुखणं भाषेचं आहे. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी आयुष्य खर्चून झाडीबोलीचा अभ्यास उभा केला. ‘ण’ आणि ‘ळ’ न उच्चारणारी ही बोली स्वतःचं व्याकरण असलेली आहे, हे दाखवलं. तरी नाटकातला नायक बहुधा पुस्तकी मराठी बोलतो आणि झाडी बोलतो तो विनोदी गडी. म्हणजे स्वतःच्या मांडवातही या बोलीच्या वाट्याला हशाच. पण नक्कल म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ आला आणि पाहता पाहता बोलपटांनी शहरातल्या संगीत मंडळ्या मोडीत काढल्या. नक्कल असती तर अस्सल बुडाल्यावर ती किती दिवस तगली असती? इथल्या लेखकांनी दारू, हुंडा, शेतकऱ्याची आत्महत्या, नक्षलवाद हे विषय घेतले, कारण ते समोर बसलेल्यांच्या घरातले होते. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, चंद्रपुरात ती २०१५ ते २०२१ होती. दारूवरचं नाटक इथे नुसता उपदेश नसतो, गावकीचं भांडणही असतं. प्रॉम्प्टरचं म्हणाल, तर हंगामात जवळजवळ रोज रात्री नव्या गावात उभं राहणाऱ्या नटाकडून शहरी पाठांतराची अपेक्षा धरणं अन्यायाचं आहे. गडचिरोलीच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा त्यांच्या नावावर पाच हजारांहून अधिक प्रयोग आणि सुमारे आठशे भूमिका सांगितल्या गेल्या. एवढे प्रयोग ज्या गावांनी तिकीट काढून पाहिले, त्यांना आपल्याला काय हवं ते कळत नाही असं म्हणायला धाडस लागेल.

तिसरा आक्षेप मला मान्य आहे, म्हणून त्याला उत्तर देत नाही. ‘जंगलातली रंगभूमी’ असं म्हटलं की गडचिरोलीच्या साऱ्या जंगलाची ती कला आहे असा समज होतो. तसं नाही. भामरागड, एटापल्लीच्या माडिया मुलखात तरुणांचं गोटुल आहे, रेला नाच आहे, स्वतःचे सण आहेत. तिथे कला पाहायची नसते, तिच्यात नाचायचं असतं. तळ्याखालच्या धानाचा आणि त्या डोंगरांतल्या शेतीचा काळ वेगळा, म्हणून कलेचीही वेळ वेगळी. ज्या गोंड राजांच्या सनदांनी हा धानपट्टा वसला, त्यांच्याच भाईबंदांच्या भाषेला नाटकाच्या मांडवात जागा मिळाली नाही, हा हिशेब झाडीपट्टीच्या इतिहासकारांनी अजून मांडायचा आहे.

नाटक पहाटेपर्यंत का चालतं, यालाही रसिकतेचं कारण दिलं जातं. मला कारण साधं दिसतं. मध्यरात्री नाटक संपलं तर शेजारच्या गावचा माणूस जाणार कुठे? वाट जंगलातली, आणि ब्रह्मपुरीच्या जंगलात वाघ आजही आहे. उजाडेपर्यंत माणसं बसवून ठेवायची तर कथानक ताणावं लागतं, पदं वाढवावी लागतात, गडी हसवत राहावा लागतो. शहरी समीक्षक ज्याला पाल्हाळ म्हणतो, ते रात्रीच्या लांबीवर बेतलेलं शिवणकाम आहे.

यंदा जायचं मनात असेल तर भाऊबीजेनंतर वडसा गाठा, फलक पाहा आणि त्या रात्री कुठल्या गावी कुठलं नाटक आहे ते तिथेच विचारा. जाहिरातीत रात्री ९ ची वेळ असली तरी पडदा त्यानंतर बराच उशिरा उघडतो. पांघरूण सोबत घ्या आणि परतीची गाडी सकाळची ठरवा.