पोलिसांवरील हल्ले व वाढीव शिक्षा : गोंदिया जिल्हा

कर्तव्य बजावीत असलेल्या पोलिसावर हात उगारणे हा व्यक्तीविरुद्धच्या अपराधाबरोबरच राज्यसंस्थेच्या अधिकारासही बाधा आणणारा अपराध होय, ही कल्पना भारतातील फौजदारी कायद्यात आरंभापासून आढळते. मेकॉलेच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने १८३७ मध्ये मसुदा केलेली आणि १८६० मध्ये संमत झालेली भारतीय दंड संहिता १ जानेवारी १८६२ पासून अंमलात आली. तीत पोलिसांसाठी स्वतंत्र कलम नव्हते; शिपायापासून न्यायाधीशापर्यंत सर्वांचा समावेश ‘लोकसेवक’ या एकाच संज्ञेत केला होता. लोकसेवकाच्या कामात अडथळा आणल्यास तीन महिने (कलम १८६), त्याला परावृत्त करण्यासाठी हमला वा फौजदारीपात्र बलप्रयोग केल्यास दोन वर्षे (कलम ३५३), दुखापत केल्यास तीन वर्षे (कलम ३३२) आणि जबर दुखापत केल्यास दहा वर्षे (कलम ३३३) अशी कमाल कारावासाची चढती श्रेणी तीत होती. ही श्रेणी महाराष्ट्रात दीडशेहून अधिक वर्षे जवळजवळ अबाधित राहिली.

आजचा गोंदिया जिल्हा त्या काळी मध्य प्रांतातील भंडारा जिल्ह्याचा भाग होता. १८६१ च्या पोलीस अधिनियमान्वये उभारलेली पोलीस व्यवस्था येथे होती. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर विदर्भ मुंबई राज्यात आला आणि पुढे १९५१ चा मुंबई पोलीस अधिनियम या भागास लागू झाला. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन आठ तालुक्यांचा गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला.

ब्रिटिश अमदानीत पोलिसांवरील गंभीर हल्ल्यांचा बंदोबस्त या कलमांवर फारसा अवलंबून नव्हता, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. सोलापूर येथे मे १९३० मधील उठावात पोलीस मारले गेले, तेव्हा शहरात लष्करी कायदा पुकारण्यात आला आणि खुनाच्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी देण्यात आले. १६ ऑगस्ट १९४२ रोजी चांदा जिल्ह्यातील चिमूर व वर्धा जिल्ह्यातील आष्टी येथे जमावाच्या हातून पोलीस व अधिकारी ठार झाले. या खटल्यांतील फाशीच्या शिक्षा पुढे अनसूयाबाई काळे प्रभृतींच्या प्रयत्नांमुळे व लोकमताच्या दडपणामुळे सौम्य करण्यात आल्या. सरकारला जेव्हा कठोर व्हावयाचे होते, तेव्हा ते खुनाच्या कलमाकडे किंवा विशेष अधिकारांकडे वळले. कलम ३५३ हे किरकोळ झटापटीचे कलम राहिले.

गोंदिया जिल्ह्यात हे दोन प्रकार आजही वेगवेगळे दिसतात. सालेकसा, देवरी व अर्जुनी मोरगाव या पूर्व व दक्षिणेकडील वनप्रधान तालुक्यांत नक्षलवादी चळवळीचा उपद्रव दीर्घकाळ राहिला. त्यासाठी तेथे सशस्त्र दूरक्षेत्रे उभारावी लागली. लगतच्या गडचिरोली जिल्ह्यात २००९ या एका वर्षात मरकेगाव, हत्तीगोटा व लाहेरी येथे मोठ्या संख्येने पोलीस मारले गेले. १ मे २०१९ रोजी जांभुळखेडा येथील भूसुरुंगस्फोटात पंधरा जवान व त्यांच्या वाहनाचा चालक ठार झाला. २० फेब्रुवारी २०२३ रोजी जिल्ह्याच्या सीमेवर, छत्तीसगढमधील बोरतलावजवळ, दोन पोलिसांना गोळ्या घालण्यात आल्या. अशा प्रकरणी खून, खुनाचा प्रयत्न आणि बेकायदा कृत्ये (प्रतिबंध) अधिनियमाची कलमे लागतात. जो मुळातच फाशी वा जन्मठेपेस पात्र ठरतो, त्याच्या दृष्टीने कलम ३५३ खालील मुदत दोन वर्षे की पाच वर्षे, हा प्रश्न गौण ठरतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये माओवाद्यांच्या महाराष्ट्र–मध्य प्रदेश–छत्तीसगढ विभागाच्या प्रवक्त्यासह अकरा जणांनी गोंदिया येथे शस्त्रे खाली ठेवली. या घटनेशीही शिक्षावाढीचा काही संबंध जोडता येत नाही.

दुसरा प्रकार रोजच्या कामातला आहे : हातभट्टीवरील छापा, वाळूची गाडी अडविणे, वाहन तपासणी, मोर्च्याचा बंदोबस्त, आरोपीला अटक करताना नातेवाइकांनी केलेली धक्काबुक्की. महाराष्ट्रातील शिक्षावाढ याच प्रकाराशी निगडित आहे. मुंबईतील खार येथे ऑगस्ट २०१६ मध्ये वाहन तपासणी करणाऱ्या वाहतूक पोलीस शिपायावर हल्ला होऊन त्याचा मृत्यू झाला. त्यानंतर पोलिसांच्या संरक्षणाची मागणी तीव्र झाली. राज्य विधिमंडळाने केलेली दुरुस्ती राष्ट्रपतींच्या संमतीनंतर २०१८ मध्ये अंमलात आली. तिने कलम ३३२ खालील तीन व कलम ३५३ खालील दोन वर्षांची कमाल मर्यादा प्रत्येकी पाच वर्षे केली आणि हे खटले न्यायदंडाधिकाऱ्यांकडून काढून सत्र न्यायालयाकडे सोपविले. किमान शिक्षा मात्र ठरविली नाही. त्यामुळे न्यायाधीशाचा विवेक पूर्वीइतकाच मोकळा राहिला. योगायोगाने त्याच वर्षी इंग्लंडमध्येही आपत्कालीन सेवकांवरील हल्ल्यांसाठी स्वतंत्र अधिनियम झाला. त्याची कमाल शिक्षा एक वर्ष होती. ती २०२२ मध्ये दोन वर्षे करण्यात आली.

या दुरुस्तीचा खरा परिणाम वर्षांच्या आकड्यापेक्षा न्यायालय बदलण्यात अधिक होता, असे म्हणावे लागते. केशोरी वा चिचगड परिसरातील धक्काबुक्कीचा खटला तालुक्याच्या न्यायालयात चालत असे. तो आता सत्र न्यायालयाच्या कक्षेत आला. आरोपी, फिर्यादी पोलीस व पंच या तिघांचेही हेलपाटे त्यामुळे वाढतात, आणि उशिराने साक्षी विरळ होतात. शिवाय या गुन्ह्यात फिर्यादी पोलीस, तपासी अधिकारी पोलीस आणि पुष्कळदा साक्षीदारही पोलीसच असतात. साहजिकच कलमाचा गैरवापर होतो, ही तक्रार लोकप्रतिनिधी व आंदोलकांकडून वारंवार झाली. राज्य विधिमंडळातही तिचे पडसाद उमटले. तिच्या उलट बाजूस, एकट्या शिपायाला निर्जन रस्त्यावर वाळूची गाडी अडवावी लागते, हेही खरे आहे. त्याच्या जिवाला असलेला धोका कोणत्याही तक्रारीने कमी होत नाही.

‘हमला वा बलप्रयोग’ म्हणजे नेमके काय, याची मर्यादा सर्वोच्च न्यायालयाने काटेकोर ठेवली आहे. माणिक तनेजा खटल्यात (२०१५) वाहतूक पोलिसांवर समाजमाध्यमातून केलेली टीका कलम ३५३ मध्ये बसत नाही, असा निर्णय झाला. महेंद्रकुमार सोनकर खटल्यात (२०२४) पकड सोडवून घेताना झालेली झटापट तेवढ्यावरून हमला ठरत नाही, असे न्यायालयाने म्हटले. कारण लोकसेवकाला कर्तव्यापासून परावृत्त करण्याचा हेतू वा बलप्रयोग सिद्ध होणे आवश्यक असते. शिक्षा कितीही वाढविली, तरी ही सिद्धता टळत नाही.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि महाराष्ट्राने घडविलेला बदल तिच्या मूळ मजकुरात अर्धाच उतरला. दुखापतीची कमाल शिक्षा कलम १२१ मध्ये पाच वर्षे झाली व जबर दुखापतीस किमान एक वर्ष कारावास आला. परंतु नुसत्या हमल्याची शिक्षा कलम १३२ मध्ये पुन्हा दोन वर्षेच आहे आणि असा खटला कोणत्याही न्यायदंडाधिकाऱ्यापुढे चालू शकतो. जुने गुन्हे जुन्याच कायद्याने चालतात. परिणामी ३० जून २०२४ रोजी देवरीच्या बाजारात शिपायाला ढकलणारा पाच वर्षांच्या कारावासास पात्र ठरतो व त्याचा खटला सत्र न्यायालयात चालतो. दुसऱ्या दिवशी तेच कृत्य करणारा केंद्रीय संहितेप्रमाणे कमाल दोन वर्षांच्या कारावासास पात्र असून त्याचा खटला न्यायदंडाधिकाऱ्यापुढे जातो.