गादी, तक्के आणि गोणपाट

रत्नागिरीतील आमच्या जुन्या घराच्या ओटीवर, भिंतीलगत, जांभ्या दगडाचा बांधीव ओटा आहे. त्यावरच्या गादीत कापसाचे गोळे झाले होते, म्हणून नवी शिवून घेण्याचे ठरले. गादीवाल्याने लांबी-रुंदी घेतली आणि विचारले, "यावर बसणार कोण?" म्हातारी माणसे बसणार असतील तर भरण जास्त घालावे लागते, एवढाच त्याचा हेतू. परंतु सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने हा प्रश्न किती जुना आणि किती अवघड आहे, हे आमच्या नंतर ध्यानात आले.

बांधीव बैठकीची गादी अंथरुणाच्या गादीहून निराळी असते. ती ओट्याच्या मापात नेमकी बसावी लागते. वर-खाली दोन तुकडे, मध्ये जाडीची पट्टी आणि कडांना मगजी, अशी तिची खोळ शिवतात. एक अरुंद बाजू उघडी ठेवून पिंजलेला कापूस आधी कोपऱ्यांत दाबून बसवतात, मग मध्ये. तो पुढे दबणार, म्हणून हव्या त्या उंचीपेक्षा अधिक भरतात. शेवटी तोंड दाभणाने शिवून ठरावीक अंतरावर आरपार टाके घालतात. ते नसतील तर कापूस सरकून एकीकडे गोळा होतो. कापूस हे काही कोकणचे पीक नव्हे, तो घाटावरचा. इथली आहे ती सावर. तिचा तंतू आखूड आणि गुळगुळीत, त्यामुळे त्याचे सूत निघत नाही. जे कातता येत नाही ते उशा-तक्क्यांत भरावे, हा त्यावरचा व्यवहारी तोडगा.

या वस्तूंची नावेही बोलकी आहेत. 'तक्क्या' फारसीतून आला, तसेच 'अस्तर' आणि 'अभ्रा'. 'बाक' हा पोर्तुगीज 'बांको'चा वंशज. 'गादी' तर राज्याचे नाव झाली. १७३१च्या वारणेच्या तहानंतर सातारा आणि कोल्हापूर या दोन 'गाद्या' निश्चित झाल्या. जिच्यावर बसायचे तिलाच सत्तेचे नाव मिळाले. घरातही हेच घडत होते. ओटा दगडाचा, तो हलत नाही. बसणाऱ्याचा मान ठरे तो त्यावर काय अंथरले यावरून. पाहुण्याला गादी-तक्क्या, ओळखीच्याला घोंगडी, आणि काहींना ओटीची पायरीच वर्ज्य. त्यांनी अंगणात उभे राहायचे.

याच जिल्ह्यात दापोली आहे. १८९०च्या दशकाच्या आरंभी तेथील महार पेन्शनरांनी आपल्या मुलांना गावच्या शाळेत घ्यावे यासाठी अर्ज-विनंत्या केल्या. सरकारची पलटणीतील चाकरी करून आलेली ही माणसे. दीर्घ झगड्यानंतर मुलांना जागा मिळाली, ती पडवीत. सुभेदार रामजी आंबेडकर यांचे कुटुंब त्या दशकात काही काळ दापोलीत राहिले आणि पुढे साताऱ्यास गेले. तेथील शाळेच्या आठवणी डॉ. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या इंग्रजी टिपणांत नोंदवल्या आहेत. वर्गात त्यांनी कोपऱ्यात वेगळे बसायचे, तेही गोणपाटाच्या तुकड्यावर. शाळा झाडणारा नोकर त्या तुकड्याला शिवत नसे, म्हणून तो रोज संध्याकाळी घरी न्यायचा आणि सकाळी परत आणायचा. गादीच्या इतिहासात आम्ही हे गोणपाटही धरतो. किंबहुना त्यावाचून गादीचा अर्थच लागत नाही.

पुढे रत्नागिरीत स्थानबद्ध असताना (१९२४ ते १९३७) सावरकरांनी सर्व जातींच्या मुलांना शाळेत सरमिसळ बसवावे, अशी चळवळ केली. कोण कोणाशेजारी बसतो, यासाठीही चळवळ करावी लागली, हे विसरून चालणार नाही. एकाच बाकावर शेजारी बसणे आज आपल्याला अगदी साधे वाटते. त्यामागे एवढे सारे आहे.

आपल्या कथा-कादंबऱ्यांत 'ओटीवर बैठक भरली होती' अशा धाटणीची वाक्ये जागोजागी येतात. आपण ती वातावरणनिर्मिती म्हणून वाचतो आणि पुढे जातो. विद्यार्थ्यांनी तेथे जरा थांबावे आणि कोण बसले, कशावर बसले, उभे कोण राहिले, हे तपासावे. लेखकाने सांगितले नसेल, तर त्या न सांगण्याचाही विचार करावा.

आमची गादी शिवून आली आहे. ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ती एकसंध आहे. गादीवाल्याला आम्ही सांगितले होते, जो येईल तो बसेल. हे सांगणे सोपे होते. ते खरे झाले की नाही, हे ओटीवर येणाऱ्यांनी सांगायचे.